दिवाडीचे सहा रंग: बेटाच्या मातीतून उभी चित्रफळी कशी करावी

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि काही मिनिटांत दिवाडीला लागते. तेवढ्या वेळात बेट एखाद्या उभ्या पट्टीसारखं समोर मांडलेलं दिसतं. सगळ्यात खाली मांडवीचं गढूळ पाणी, ओहोटी असेल तर त्यावर चिखलाची काळी रेघ, मग खारफुटी, तिच्यामागे खाजन शेतं, त्यांच्यावर घरं आणि पार वर पिएदादच्या टेकडीवरचं पांढरं चर्च. कितीतरी वर्षं मी हे दृश्य जलरंगांत काढायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी ते कॅलेंडरवरच्या गोव्यासारखं व्हायचं. शेवटी ट्यूब बाजूला ठेवल्या आणि ठरवलं, जो थर काढायचा त्याचा रंग त्याच थरातून घ्यायचा. जिथे बेट रंग देणार नाही, तिथे आपणही लावायचा नाही.

या लेखात तशीच एक फळी करू: १५ सेंटिमीटर रुंद, ७५ सेंटिमीटर उंच. वरच्या टोकाला टेकडी, खालच्या टोकाला नदी. रंग सहा: लाल, पिवळा, भाजलेला नारिंगी, खाजनाचा राखाडी-तपकिरी, करवंटीचा काळा आणि शिंपल्यांचा पांढरा. गोळा करायला एक दिवस जातो, रंग धुऊन वाळवायला आठवडा, फळी मुरायला आणखी एक आठवडा. प्रत्यक्ष रंगवणं एका दुपारी उरकतं. घाई असेल तर हा उद्योग तुमच्यासाठी नाही.

कधी जावं

डिसेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या घडीव ठोकळ्यांवर, शेवाळ चढलेलं असतं, खाजनं पाण्याखाली असतात आणि घरी आणलेली माती वाळत नाही, तिला बुरशी येते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराच्या उत्सवाला दिवाडीला जरूर जा, पण झेंडे आणि मिरवणूक बघायला. पिशवी घेऊन नको.

दिवस निवडताना ओहोटी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त मागे जातं आणि चिखलाचे पट्टे स्पष्ट दिसतात, पण त्या दिवशी ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला किंवा भल्या पहाटे. मला अष्टमी-नवमी बरी वाटते. त्या दिवशी भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे सरत नाही, तरी भर दुपारी उजेडात काम होतं. दिवाडी समुद्रापासून आत असल्यामुळे वेळ थोडी पुढे सरकते. पक्की वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघूनच निघा.

काय घ्यायचं, कुठून घ्यायचं

नियम एकच ठेवला आहे: स्वतः खणायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी आधीच खणलेलं, तासलेलं, खाऊन टाकलेलं घ्यायचं. बेट लहान आहे आणि आपल्याला लागते फक्त मूठभर माती.

लाल आणि पिवळा मिळतो चिऱ्यांतून. कुठेही घराचं किंवा गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, काम चालू असेल तिथे गवंडी चिरा तासत असतो आणि त्याच्या पायाशी भुसा पडलेला असतो. त्याला विचारून दोन मुठी घ्या. चिऱ्याचे तुकडे उन्हात फिरवून बघा. लाल अंगात पिवळे डोळे दिसतात, कधी मधाच्या रंगाचे, कधी हळदीसारखे. ते डोळे टोकदार खिळ्याने कोरून वेगळ्या पिशवीत काढा. पाऊण तास बसलात तर मूठभर पिवळा मिळतो. लाल रंग ज्या लोहाच्या खनिजाचा, पिवळाही लोहाच्याच खनिजाचा, फक्त त्याच्या घडणीत पाणी अडकलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे तव्यावर कामाला येईल.

जांभ्याला शास्त्रात लॅटेराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातला हा दगड पाहून १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. जमिनीत ओला असताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेत राहिला की टणक होतो, म्हणून विटेची आठवण. आपल्या कामासाठी याचा अर्थ एवढाच, की जुन्या भिंतीचा चिरा कुटायला जड जातो. ताज्या कापलेल्या चिऱ्याचा भुसा घ्या.

राखाडी-तपकिरी मिळतो खाजनातून. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली शेतजमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची झडप; भरतीला ती पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. आतले चर दर वर्षी गाळाने भरतात आणि शेतकरी तो गाळ उपसून काठावर टाकतात. तोच घ्यायचा, शेताच्या मालकाला विचारून. बांधाची माती चिमूटभरसुद्धा काढू नका. तो बांध नदी अडवून उभा आहे आणि एका खड्ड्यापासून फूट कशी सुरू होते हे तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. मी पहिल्यांदा गाळाचा डबा भरत होते तेव्हा चरापलीकडून एका बाईने हाक मारली, “माती कित्याक व्हरता गो?” चित्राला, म्हटलं. ती हसली आणि तिनेच चांगला चिकट गाळ कुठे आहे ते दाखवलं. काठावरचा गाळ वाळूमिश्रित असतो, चराच्या तळाचा लोण्यासारखा.

काळ्यासाठी नारळाच्या करवंट्या, पांढऱ्यासाठी तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, शिंपा. दोन्ही कुठल्याही घरच्या किंवा खानावळीच्या मागच्या दारी मिळतात. किनाऱ्यावर फिरून सुंदर शंख वेचायची गरज नाही. काही शंख-शिंपल्यांच्या जाती आणि सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि कोणती येते, कोणती नाही हे वाळूत वाकून ओळखणं आपलं काम नाही. खारफुटीची साल रंगाला उत्तम असते हे खरं, तरी तिला हात लावू नका. ती झाडं संरक्षित आहेत. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथून काहीच आणायचं नाही, पडलेलं पीसही नाही.

प्रत्येक डब्यावर जागा आणि तारीख लिहा. घरी आल्यावर दोन तपकिरी माती एकसारख्याच दिसतात.

जांभ्याचा लाल

माती धुण्यात सगळं यश आहे, म्हणून इथे वेळ काढा.

भुसा खलबत्त्यात कुटा. नाकातोंडावर चांगला मास्क हवा, साधं फडकं नको. ही धूळ फुप्फुसांना वाईट. मी कुटतानाच थोडं पाणी शिंपडते, धूळ उडतच नाही. कुटलेली माती काचेच्या मोठ्या बरणीत टाका, वर पाचपट पाणी घाला, ढवळा आणि मनात तीस आकडे मोजा. जड रेती तळाला बसते, रंग पाण्यात तरंगत राहतो. ते लाल पाणी हळूच दुसऱ्या बरणीत ओता. तळाच्या रेतीत पुन्हा पाणी घालून हेच दोनदा करा. आता पहिल्या बरणीत उरली ती कचकच. ती कुंडीत टाका. दुसऱ्या बरणीतलं पाणी मलमलीतून गाळा आणि रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी, खाली चॉकलेटसारखा थर. पाणी ओतून टाका, थर ताटलीत पसरा, पातळ फडकं झाकून सावलीत वाळवा. वाळला की त्याला भेगा पडतात आणि तो पापुद्र्यांसारखा सुटतो. दोन मुठी भुशातून दोन-तीन चमचे रंग मिळतो. एवढ्यात दोन फळ्या होतात.

तीसऐवजी साठ आकडे मोजलेत तर रंग आणखी बारीक, पण कमी मिळेल. टेकडीच्या भागाला थोडी खरखर शोभते, मी तीसवर थांबते.

पिवळा, आणि तव्यावरचा नारिंगी

पिवळे डोळे तसेच धुवा. वाळल्यावर अर्धा रंग बाजूला ठेवा आणि अर्धा लोखंडी तव्यावर, मध्यम आचेवर भाजायला घ्या. हा तवा नंतर भाकरीला वापरायचा नाही. लाकडी उलथन्याने रव्यासारखं परतत राहा. पाच-सात मिनिटं काहीच होत नाही, मग कडेने रंग बदलू लागतो: हळद, मग भोपळा, मग वीट. खनिजातलं पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा लाल होतो. हवा तो नारिंगी दिसायच्या थोडं आधीच तवा उतरवा, कारण तापलेला तवा काम चालूच ठेवतो. माझा पहिला घाणा असाच पूर्ण लाल झाला आणि हातात एका लालाऐवजी दोन लाल आले.

खाजनाचा गाळ: रंग सोपा, मीठ अवघड

गाळ डब्यात भरताना काळा-निळा असतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. हा काळेपणा टिकत नाही. हवा न लागलेल्या चिखलात लोह आणि गंधक यांचं जे संयुग असतं ते काळं. हवा लागली की ते मोडतं आणि दोन दिवसांत गाळ राखाडी-तपकिरी होतो. चिखलाचा काळा रंग म्हणून बाटली भरून ठेवू नका, निराशा होईल. हा रंग गॅसवरही भाजू नका; घरभर वास सुटेल आणि शेजारी येतील.

खरी गोष्ट मिठाची. माझ्या पहिल्या फळीवर गाळाचा भाग डिसेंबरात सुरेख दिसत होता. जूनमध्ये हवा दमट झाली आणि त्यावर पांढरी लव उगवली. मला बुरशी वाटली, जिभेला लावून बघितलं तर मीठ. रंग खाली, मीठ वर.

म्हणून गाळ गोड्या पाण्यात पाच-सहा वेळा धुवायचा. ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं पाणी फेकायचं, नवं घालायचं. इथे एक मजा दिसते. पहिल्या पाण्यात गाळ अर्ध्या तासात खाली बसतो. दुसऱ्या-तिसऱ्यात वेळ लागायला लागतो. चौथ्या-पाचव्या पाण्यात तो बसतच नाही, दुसऱ्या दिवशीही पाणी ताकासारखं. घाबरू नका, हीच मीठ गेल्याची खूण. खारं पाणी मातीच्या बारीक कणांना एकत्र आणून गुठळ्या करतं, त्या लवकर बुडतात; मीठ गेलं की कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तरंगतात. खात्री करायची तर वरच्या पाण्याचा एक थेंब काळ्या ताटलीवर वाळू द्या. पांढरं वलय राहिलं तर आणखी एक पाणी.

आता हे तरंगणारं खाली बसवायचं कसं? पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी निवळायला आपण जे करतो तेच. तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवा. तासाभरात वर नितळ पाणी. ते ओता, एकदा साध्या पाण्याने धुवा, म्हणजे तुरटीही निघून जाईल, आणि वाळवा.

हाताळताना हातमोजे घाला आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. मांडवीतून वर्षानुवर्षं लोहखनिजाचे बार्ज गेले आहेत, खाणींची मातीही पावसात नदीत उतरली आहे. चित्राला त्याने काही होत नाही, पण हा गाळ लहान मुलांना खेळायला देऊ नका.

करवंटीचा काळा

जुना पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा. आत करवंट्यांचे सुके तुकडे भरा, शेंडी-काथ्या खरवडून काढलेले. अंगणात चुलीवर डबा ठेवा. भोकातून आधी पांढरा, मग पिवळट धूर येईल. धूर थांबला की डबा उतरवा, भोक ओल्या मातीने बुजवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम उघडलात तर कोळसा पेट घेतो आणि हातात राख येते.

कोळसा कुटा, मलमलीतून चाळा. पाण्यात टाकलात की तो वर तरंगतो आणि काही केल्या भिजत नाही. त्यात मद्याचे चार थेंब टाकले की मुकाट्याने भिजतो. गोव्यात असल्यामुळे मी फेणी वापरते, स्पिरिटही चालेल. वास मात्र फेणीचा बरा.

तिसऱ्यांचा पांढरा

शिंपा उकळा, ब्रशने घासा, आठवडाभर कडक उन्हात ठेवा. मग जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा आणि तुकडे पाणी घालून पाट्यावर वाटा. कोरडं वाटू नका, धूळ होते. हे कष्टाचं काम आहे. वाटीभर पांढऱ्याला माझे दोन तास जातात. वाटलेलं मातीसारखंच धुऊन घ्या.

हा पांढरा ओला असताना जवळपास दिसत नाही, वाळल्यावर उमटतो. म्हणून लावताना ‘अजून थोडा’ म्हणत थर चढवू नका. पंधरा मिनिटं थांबा, मग ठरवा.

हिरवा नाही

बेट लांबून हिरवंगार दिसतं आणि टिकणारा हिरवा ते देत नाही. पानांचा रस कागदावर दोन दिवस हिरवा राहतो, मग पिवळट, मग चहाच्या डागासारखा. निळ्याचंही तेच. कोकमाचा जांभळट लाल आणि हळद दोन्ही उन्हाने उडतात. मी त्यांना वापरत नाही. या फळीत शेतं हिरवी नसतील, कापणीनंतरची असतील. ज्यांना हे अगदीच सहन होत नाही त्यांनी पावसाळ्यातलं दिवाडी वेगळ्या चित्रात काढावं, विकतच्या रंगांनी.

फळी आणि तिच्यावरचा पांढरा लेप

कावी कला तुम्ही पाहिली असेल. गोव्यापासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते ती. चुन्याच्या पांढऱ्या लेपावर काव, म्हणजे लाल मातीचा थर देतात आणि ओला असतानाच तो टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा बाहेर काढतात. लाल माती जांभ्याची, चुना शिंपल्यांचा. आपण हीच जोडी घेणार आहोत, फक्त भिंतीऐवजी लाकडावर आणि ताज्या चुन्याऐवजी दुधाच्या लेपावर, म्हणजे घरी करता येईल आणि खरवडायला सवडीने बसता येईल.

सहा मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तुकडा १५ बाय ७५ सेंटिमीटरचा कापून घ्या, कडा घासा.

लेपासाठी साय पूर्ण काढलेलं अर्धा लिटर दूध घ्या. स्निग्धांश राहिला तर लेप तेलकट होतो. दूध बोट सहन करेल त्याहून थोडं जास्त गरम करा, दोन चमचे व्हिनेगर घाला. फाटलं की फडक्यात गाळा आणि गोळा नळाखाली चांगला धुवा, आंबटपणा जाईपर्यंत. पिळून पाच चमचे गोळा मोजा, त्यात एक चमचा पानाचा चुना घाला आणि खलात घोटा. दोन-तीन मिनिटं हे मिश्रण गुठळ्यांचं, बिघडल्यासारखं दिसतं. घोटत राहा. अचानक ते पातळ होतं, मधासारखं. गाळून घ्या. हा झाला दुधाचा सरस. एकदा नीट वाळून मुरला की पाण्याने सहज सुटत नाही. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, हातमोजे हवेतच. सरस त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी तो गोठतो आणि नासतो.

जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा या सरसाने फळीवर चिकटवा, सुरकुत्या हाताने बाहेर काढा, रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी नवा सरस करा, त्यात तेवढंच पाणी आणि शिंपल्यांचा पांढरा मिसळून बासुंदीइतकं दाट करा. रुंद ब्रशने एक हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, असे चार हात. प्रत्येक थर पातळ. जाड थराला दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, आणि त्या भेगा वरच्या रंगाने झाकल्या जात नाहीत. शेवटी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. आठवडाभर फळी मुरू द्या. मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर पातळ प्लाय पावसात वाकतो.

डिंक आणि घोटणं

बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. चार चमचे डिंकपाण्याला अर्धा चमचा मध घाला, म्हणजे रंग वाळून तडकत नाही, आणि लवंगतेलाचे दोन थेंब, म्हणजे नासत नाही. बाभळीचा डिंक थोडा तांबूस असतो. लाल-पिवळ्याला चालतो, पांढऱ्यासाठी सगळ्यात फिके खडे वेचून वापरा.

काचेच्या जाड तुकड्यावर एक चमचा रंग, त्यात हळूहळू एक चमचा डिंकपाणी. सपाट तळाच्या जड काचेच्या पेल्याने घोटा, आठचा आकडा काढत. मराठी आठ नव्हे, इंग्रजी. पंधरा मिनिटं. सुरुवातीला काचेवर करकर ऐकू येते, ती थांबली की रंग झाला.

फळीच्या मागच्या कोपऱ्यात एक पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट घासा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, पट्टा चकाकत असेल किंवा तडकला असेल तर जास्त. प्रत्येक मातीची भूक वेगळी असते. माझ्या अनुभवात पिवळा सगळ्यात जास्त डिंक पितो आणि गाळ सगळ्यात कमी.

रंगवणं आणि खरवडणं

पेन्सिलीने फळीचे चार भाग पाडा, सारखे नकोत. वरून साधारण तीस सेंटिमीटर टेकडी, मग पंधरा घरांचा उतार, मग वीस खाजन, आणि उरलेले दहा नदी. फेरीतून जे दिसतं त्यात टेकडी एवढी मोठी नसते, पण लालात खरवडायला जागा हवी.

टेकडीला लालाचे दोन हात द्या. दुसरा हात देताना ब्रश एकदाच फिरवायचा, मागे यायचं नाही. डिंक पाण्याने पुन्हा सुटतो आणि पहिला थर उचलला जातो. उताराला पिवळा, त्यावर अधूनमधून भाजलेला नारिंगी. खाजनाला गाळ, आडव्या पट्ट्यांत, मध्ये बांधांच्या जागी पांढरी फळी मोकळी सोडून. नदीला तोच गाळ, पण दहापट पाणी घालून. मांडवीचा रंग खरोखर तोच आहे. पाण्यात तरंगणारी हीच माती भरतीबरोबर आत येते आणि चरात बसते.

इथे ब्रश विकतचाच असायला हवा असं नाही. नारळाच्या सोडणाची बोटभर पट्टी पाण्यात भिजवून तिचं एक टोक दगडाने ठेचलं की राठ कुंचला होतो. गाळाच्या आडव्या पट्ट्या मी त्यानेच ओढते, कारण त्यात नांगरटीसारख्या रेघा उमटतात.

सगळं पूर्ण वाळलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी, की दाभण घ्या. गोणपाट शिवायचा साधा दाभण. टेकडीच्या लालात चिऱ्यांच्या रांगा, चर्चची दर्शनी भिंत, माड, गडगे, जे काढायचं ते खरवडा. दाभण उभा धरलात तर रेघ बारीक, आडवा धरलात तर चुरा उडून रुंद पांढरी पट्टी. चुरा फुंकू नका. फळी उभी करून मागून टिचकी मारा, तो खाली पडतो. चूक झाली तर तेवढ्यावर लाल लावा, वाळू द्या, पुन्हा खरवडा. दोनदा चालतं. तिसऱ्यांदा खालचा पांढरा लेपच निघतो आणि कापड दिसायला लागतं.

खरवडणं कुठे थांबवायचं हे कुणी सांगू शकत नाही, पण नवख्यांचा हात फार चालतो. माझ्या ज्या फळ्या बऱ्या उतरल्या त्यांत टेकडीचा निम्म्याहून जास्त भाग नुसता लाल आहे.

काळा सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडा: खारफुटीच्या बुंध्यांची गर्दी, मानशीचं दार, पाण्यातली एखादी होडी. बांबूची काडी चावून किंवा ठेचून तिच्या टोकाने लावा. करवंटीचा काळा जोरदार असतो. एक रेघ जास्त झाली की डोळा तिथेच अडकतो.

नंतर

वॉर्निश लावू नका. मातीचे रंग वॉर्निशखाली ओले दिसू लागतात, लाल काळपट होतो आणि पांढरा अर्धा गायब होतो. काचेच्या चौकटीत बसवा, काच आणि फळी यांच्यात बोटभर अंतर ठेवून. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात ती भिंत आतूनही ओल धरते.

फळीच्या मागे पेन्सिलीने लिहा: लाल कुठल्या कामावरच्या चिऱ्याचा, गाळ कुणाच्या शेतातल्या चराचा, करवंट्या कुठल्या. दोन वर्षांनी तोच रंग पुन्हा हवा असतो आणि काहीच आठवत नाही.

आणि जूनमध्ये गाळाच्या भागावर पांढरी लव दिसलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नका. मीठ विरघळून पुन्हा आत जाईल. कोरड्या दिवसाची वाट बघा, मऊ कोरड्या ब्रशने झटका आणि झटकलेलं कागदावर झेला. पुढच्या वर्षी कमी येतं.